मूल्यमापनाला यायचं तर वर्षभरानं या

विद्यापीठांच्या विस्तार प्रकल्पांचं मूल्यमापन करणाऱ्या समित्यांच्या सर्व सदस्यांस,

स.न.वि.वि.

मी शाळेत शिकवते. सुरुवात विशेष शिक्षिका म्हणून केली, आता नेहमीच्या वर्गावरही असते. गेल्या काही वर्षांत आमच्या शाळेत विद्यापीठाचे तीन विस्तार प्रकल्प येऊन गेले. म्हणजे विद्यापीठातले प्राध्यापक आणि मुलंमुली शाळेत येऊन काही महिने काम करतात. तिन्ही समावेशक शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग मुलांना सगळ्यांबरोबर शिकता यावं यासाठीचे. तिन्हींचं मूल्यमापन झालं आणि तिन्ही यशस्वी ठरले. कुठलं विद्यापीठ, कोण प्राध्यापक, हे इथं लिहीत नाही. ती माणसं मनापासून काम करणारी होती. माझं भांडण आहे ते तुमच्याशी, म्हणजे शेवटी येऊन त्या कामाला गुण देणाऱ्यांशी. भांडण नको वाटलं तर विनंती समजा.

आमच्या शाळेच्या मागच्या दारापाशी पहिल्या प्रकल्पात बांधलेला रॅम्प आहे. चांगला आहे. एक फूट चढाला बारा फूट लांबी, दोन्ही बाजूंना कठडा, पाय घसरू नये म्हणून खरखरीत फरशी. फक्त वरच्या टोकाला दाराचा उंबरठा तसाच राहिला. दीड इंचाचा असेल. व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं त्याला अडतात. मग कुणीतरी मागून खुर्ची किंचित तिरकी करायची, पुढची चाकं उचलायची आणि आत ढकलायचं. ज्या मुलानं कुणाच्या मदतीशिवाय वर्गात जावं म्हणून हे सगळं केलं, तो रोज सकाळी दारात थांबून हाक मारतो. अहवालात रॅम्पचा फोटो आहे, खालून वर काढलेला. त्यात उंबरठा येत नाही. तुमच्या समितीनंही रॅम्प बघितला होता. दोन सदस्य त्यावरून चालत वर आले, छान झालाय म्हणाले आणि उंबरठा ओलांडून आत गेले.

त्यांच्या पायांना तो जाणवायचं काही कारणच नव्हतं. एखादी सोय ज्याच्यासाठी केली, त्याला ती वापरताना बघितल्याशिवाय तिला गुण देऊ नयेत, एवढं साधं आहे हे. पण तुमच्या तक्त्यात रकाना असतो तो ‘रॅम्प बांधला : होय / नाही’ असा. उत्तर होय. दहापैकी दहा.

तुम्ही येता कधी, तेही बघा. प्रकल्पाच्या शेवटच्या पंधरवड्यात. तेव्हा शाळेत लगबग असते. विद्यापीठाची मुलंमुली हजर, भिंतींवर नवे तक्ते, साहित्याची पेटी उघडी, मुख्याध्यापकांच्या टेबलावर फाइल तयार. त्या दिवशी आमची शाळा खरंच समावेशक असते, मी खोटं सांगत नाही. मग सेमिस्टर संपतं, त्यांच्या परीक्षा लागतात आणि साहित्याची पेटी कपाटात जाते. शाळेचं वर्ष मात्र संपलेलं नसतं. विद्यापीठाचं कॅलेंडर सोळा-सतरा आठवड्यांत संपतं, मूल शाळेत आठ-दहा वर्षं असतं. या दोन मापांचा मेळ कुणी घालायचा? आजवर तरी तो आम्हीच घालत आलोय, आणि त्याची नोंद कुठंच नाही.

दुसऱ्या प्रकल्पाची गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात चूक माझी आहे.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. बोलणं अस्पष्ट, लिहिण्याचा वेग अगदी कमी, पण गणितात डोकं चालायचं. विद्यापीठातली एक विद्यार्थिनी आठवड्यातून चार दिवस त्याच्या शेजारी बसायची. मुलं तिला ताई म्हणायची. हुशार, मायाळू मुलगी. मी फळ्यावर उदाहरण घातलं की ती त्याला हळू आवाजात समजावून सांगायची, वही पुढं ओढून पहिली ओळ लिहून द्यायची, तो काय म्हणतोय ते मला सांगायची. महिन्याभरात वर्ग शांत झाला. मला बरं वाटलं, उगाच कशाला नाही म्हणू. अहवालात आलं की विद्यार्थी कामात जास्त वेळ गुंतून राहू लागला आणि वर्गातला व्यत्यय कमी झाला. दोन्ही खरं होतं.

पण त्या चार महिन्यांत मी त्याला एकही प्रश्न थेट विचारला नव्हता. काही विचारायचं झालं की मी ताईकडं बघायची : त्याला कळलंय ना? शेजारच्या बाकावरची मुलं खोडरबर मागायची तीही ताईकडं. प्रकल्प संपला, ताई गेली, आणि पहिल्याच सोमवारी त्याच्या बाकापाशी उभी राहिले तेव्हा लक्षात आलं की तो काय बोलतोय ते मला कळत नाहीये. वर्षाच्या सुरुवातीला थोडं थोडं कळायचं. माझ्या कानाला त्याच्या उच्चारांची सवय लागत होती, ती मधल्या काळात मोडली होती. त्यानं दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं नाही. वही मिटून खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटतं, तो दिवस तुमच्या अहवालाचं शेवटचं पान होता, फक्त ते कुणी लिहिलं नाही.

असं माझ्या एकटीच्याच बाबतीत झालं असतं तर मी गप्प बसले असते. ब्रिटनमध्ये वर्गातल्या साहाय्यकांच्या कामाचा पाच वर्षं मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष समोर आले. ज्या मुलांना साहाय्यकांची मदत जास्त मिळत होती त्यांची प्रगती, त्यांच्यासारख्याच पण कमी मदत मिळणाऱ्या मुलांपेक्षा कमी भरली. अभ्यासकांनी साहाय्यकांना दोष दिला नाही. त्यांना वर्गात कसं वापरलं जातं, त्यांची तयारी कितपत करून घेतलेली असते, शिक्षकाशी आधी चार शब्द बोलायला त्यांना वेळ मिळतो का, यात कारण दिसलं. माझ्या वर्गात हेच झालं होतं. आम्ही दोघी चार महिन्यांत निवांत बसून एकदाही बोललो नव्हतो. ती तास संपला की बस पकडायला पळायची आणि मी पुढच्या वर्गाकडं.

तुमच्यापैकी कुणी मागच्या बाकावर तासभर बसून कागदावर नुसत्या रेघा मारल्या असत्या, शिक्षिका या मुलाशी किती वेळा बोलली, वर्गातली मुलं किती वेळा बोलली, ताई किती वेळा बोलली, तर सगळं उघड झालं असतं. त्याला प्रश्नावली लागत नाही, सॉफ्टवेअर लागत नाही. बसायला वेळ लागतो. तुमची भेट मात्र चाळीस मिनिटांची होती आणि त्यातली वीस सभागृहात गेली.

संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, त्याचं २४ वं कलम शिक्षणाचं. त्याचा अर्थ उलगडताना या कराराच्या समितीनं २०१६ मध्ये चार गोष्टी वेगळ्या काढल्या : मुलाला शाळेबाहेर ठेवणं, वेगळ्या शाळेत किंवा वर्गात ठेवणं, आहे त्याच वर्गात आणून बसवणं आणि खरं समावेशन. तिसरी आणि चौथी दिसायला सारखी असतात, म्हणून तर फसायला होतं. तिसरीत मुलानं वर्गाशी जुळवून घ्यायचं असतं, चौथीत वर्गानं स्वतः बदलायचं असतं. विद्यापीठाचे बहुतेक प्रकल्प, प्रस्तावात काहीही लिहिलेलं असलं तरी, तिसरी गोष्ट करतात आणि तुम्ही चौथीचं प्रमाणपत्र देता. माझ्या वर्गात तो मुलगा बसलेला होता. वर्ग तसूभर बदलला नव्हता, मीसुद्धा नाही.

आता आकड्यांकडं येते. पहिल्या अहवालात एक आलेख होता : लक्ष्यगटातील ३३ टक्के विद्यार्थ्यांच्या वाचनात लक्षणीय सुधारणा. त्या वर्गात लक्ष्यगटातली मुलं तीन होती. म्हणजे एका मुलाचं वाचन सुधारलं. त्या एकाचं नाव, त्याचं मागचं वर्ष आणि नवा चष्मा हे सगळं मला माहीत होतं. चष्मा त्याला प्रकल्पामुळं मिळाला नव्हता, त्याच्या मामानं आणला होता. एवढ्या थोड्या मुलांची टक्केवारी काढूच नये. तीन मुलं असतील तर तीन मुलांबद्दल तीन परिच्छेद लिहावेत, त्यातून कितीतरी जास्त कळतं.

आणि लक्ष्यगट ठरवला कसा? ज्यांच्याकडं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आहे ती मुलं घेतली. जिला नीट ऐकू येत नाही पण घरी कुणाच्या लक्षातच आलेलं नाही, ती मुलगी मोजणीत नाही. यावर उपाय तयार आहे. वॉशिंग्टन ग्रुप नावाच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी गटाचे सहा छोटे प्रश्न जगभर जनगणनांमध्ये वापरले जातात, आणि मुलांसाठी त्यांनी युनिसेफबरोबर वेगळी प्रश्नावली २०१६ मध्ये आणली. तिच्यात ‘अपंगत्व आहे का’ असं विचारतच नाहीत. बघायला, ऐकायला, चालायला, शिकायला, आठवायला, दोस्ती करायला किती अडचण येते, असं विचारतात. पालक मोकळेपणानं उत्तर देतात, कारण त्यात शिक्का मारून घेतल्यासारखं वाटत नाही. प्रकल्प सुरू व्हायच्या आधी शाळेत एवढं जरी केलं तरी निदान कुणापासून सुरुवात केली हे कळेल. आधीची नोंद नसताना नंतरची सुधारणा तुम्ही कशाच्या जोरावर लिहिता, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

मुलांना विचारलं होतं, असं तुम्ही म्हणाल. विचारलं होतं, बरोबर. हसरा चेहरा, मख्ख चेहरा, रडका चेहरा असा एक कागद होता. वर प्रश्न : तुम्हाला उपक्रम आवडला का? आमच्या एका मुलीला पेन्सिल धरता येत नाही, तर विद्यापीठाच्या दादानं तिचा हात हातात धरून खूण करायला मदत केली. खूण हसऱ्या चेहऱ्यावर झाली. मी समोरच होते. त्या दादाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला खरंच वाटत होतं की तिला आवडलं असणार. पण उत्तर कुणाचं होतं?

रॉजर हार्ट या अभ्यासकांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. मुलांना आपल्याला हवं तसं वापरून घेणं, मुलांना सजावटीसारखं मांडणं आणि नावापुरतं विचारणं, या त्या तीन पायऱ्या. समारोपाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत एकसारखे टी-शर्ट घालून बसवलेली आमची मुलं मला दुसऱ्या पायरीवर दिसतात. त्या फोटोला तुमच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर जागा मिळाली.

मुलांना विचारायचं असेल तर त्यांना शाळा दाखवायला सांगा. बस एवढंच. ‘तू कुठं बसतोस ते दाखव. डबा कुठं खातोस? कुठं जायला आवडत नाही?’ बोलता न येणारं मूलही हात धरून नेतं. एक मुलगी अशीच मला नळाच्या मागच्या कोपऱ्यात घेऊन गेली. मधल्या सुट्टीत ती तिथं एकटी उभी असते, हे मला अकरा महिने माहीत नव्हतं. वर्गातल्या समावेशनाचे सगळे निकष त्या काळात आम्ही पुरे केले होते.

तिसऱ्या प्रकल्पाबद्दल फार लिहीत नाही. ब्रेलची कार्डं बनवली होती, टिकावीत म्हणून त्यांचं लॅमिनेशन केलं. गरम रोलरखालून गेल्यावर ठिपके दबले. दिसायला सुंदर, बोटाला सपाट. २०० कार्डांचा संच. संख्या अहवालात बरोबर होती.

या सगळ्यात विद्यापीठातली मुलंमुली शिकतात, हे मला मान्य आहे. मला तर वाटतं, सगळ्यांत जास्त तीच शिकतात. त्यांच्या रोजनिश्या असतात, क्रेडिट असतात, ‘माझा दृष्टिकोन बदलला’ असे निबंध असतात आणि त्यातले बरेच प्रामाणिक असतात. उद्या शिक्षक झाली तर ती आमच्यापेक्षा बरी शिक्षक होतील, यालाही मोल आहे. पण ते मोल वेगळ्या खात्यावर मांडा. विद्यार्थिनीच्या मनात सहानुभूती वाढली म्हणून शाळा समावेशक झाली असं होत नाही. तुमच्या तक्त्यात दोन्हींची बेरीज होते आणि ज्याची नोंद ठेवणं सोपं ते जास्त भरतं. शिवाय या शिकण्याचा खर्च कोण उचलतं, तेही एकदा बघा. मी त्या मुलांना वर्ग समजावून द्यायला, पालकांशी गाठ घालून द्यायला, फॉर्म भरून द्यायला जे तास दिले ते ‘शाळेचं सहकार्य लाभले’ या तीन शब्दांत मावले.

एका प्रकल्पाचे तरुण समन्वयक मला एकदा जिना उतरता उतरता म्हणाले, “मॅडम, कार्डांचं फसलं हे मला माहितीये. पण ते लिहिलं तर पुढचं अनुदान गेलं, आणि माझी बढतीही त्याच अहवालावर.” मी काय बोलणार? डोनाल्ड कॅम्पबेल या मूल्यमापनशास्त्राच्याच जाणकारानं १९७० च्या दशकात बजावून ठेवलंय की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा बिघडेल आणि जे मोजायचं त्यालाही बिघडवेल. तुम्ही यशावर अनुदान बांधलंत, तुम्हाला यश मिळालं.

म्हणून माझं मागणं असं की जो अहवाल ‘काय फसलं’ यावर एकही पान लिहीत नाही, त्याचे गुण कापा. आणि ज्यानं लिहिलं त्याला त्याची शिक्षा होऊ देऊ नका. कार्डांचं फसणं कुणी लिहिलं असतं तर पुढच्या विद्यापीठानं ती चूक केली नसती. अहवालाची एक प्रत शाळेलाही द्या, आम्हाला समजेल अशा भाषेत. आमच्या शाळेवरचे अहवाल आम्हाला कधी मिळालेच नाहीत. पहिला मी वाचला तो तिसऱ्या प्रकल्पातल्या एका विद्यार्थिनीच्या पिशवीतून, तिनं तो संदर्भ म्हणून आणला होता. ‘शाळेत समावेशक संस्कृती रुजली आहे,’ असं त्यात होतं. मी ते वाक्य शिक्षकखोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी हसलंही नाही.

समितीत दिव्यांग व्यक्ती का नाही, हेही विचारायचंय. ‘आमच्याबद्दल, पण आमच्याशिवाय नको’ ही घोषणा दिव्यांगांच्या चळवळीनं जगाला दिली आणि वर सांगितलेल्या कराराच्या चौथ्या कलमात दिव्यांग व्यक्तींना, मुलांनासुद्धा, निर्णयात सामील करून घ्यायचं बंधन आहे. व्हीलचेअर वापरणारा एक सदस्य त्या दिवशी आला असता तर उंबरठा त्याच मिनिटाला सापडला असता. ब्रेल वाचणाऱ्या सदस्यानं पहिलं कार्ड हातात घेताच खाली ठेवलं असतं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तारीख बदला. निम्मं मूल्यमापन प्रकल्प संपताना करा हवं तर, पण निम्मे गुण हातात राखून ठेवा आणि वर्षभरानं परत या. तुमच्यातले काहीजण म्हणतील की वर्षभरात शाळेत शंभर गोष्टी बदलतात, शिक्षक बदलतात, मग उरलेलं श्रेय प्रकल्पाचं कसं म्हणायचं? रास्त शंका आहे. पण शेवटच्या पंधरवड्यातलं श्रेय तरी कुठं प्रकल्पाचं असतं, ते गर्दीचं असतं. वर्षभरानं तुम्हाला ‘हे आमच्यामुळं झालं’ असं छातीठोक सांगता येणार नाही, ‘यात आमचा वाटा असावा, आणि तो कशावरून ते बघा’ एवढंच म्हणता येईल. मला तेवढं पुरतं. तेव्हा पेटी कपाटात आहे की वर्गात, चावी कुणाकडं आहे, प्रकल्पात शिकलेलं एखादं तंत्र कुठल्या शिक्षकानं स्वतःहून दुसऱ्या मुलासाठी वापरलं, पूर्वी जिला दारातून परत पाठवलं असतं अशी एखादी मुलगी यंदा पटावर आली का, हे बघा. विचारू नका, बघा. विचारलंत तर आम्ही पाहुण्यांना बरं वाटेल असंच उत्तर देतो, सवय आहे.

तो गणितातला मुलगा आता वरच्या वर्गात आहे. ताई गेल्यावर मी त्याच्यासाठी अक्षरांचा तक्ता केला, तो बोट ठेवतो, मी वाचते. मला पुन्हा त्याचं बोलणं कळायला लागायला दोन महिने गेले. हे कुठल्याच प्रकल्पात बसत नाही आणि बसवायचा माझा आग्रहही नाही.

याल तेव्हा साध्या आठवड्यात या, आगाऊ कळवू नका आणि मागच्या दारानं या. उंबरठ्यापाशी आम्ही लाकडाची पाचर ठेवतो, म्हणजे चाकं वर चढतात. ती कुणाच्या ना कुणाच्या पायानं उडते, आठवड्यातून एकदा तरी हरवते. खुर्चीवरचा तो मुलगा शाळा भरायच्या दहा मिनिटं आधी येतो, पाचर जागेवर आहे का बघायला. भेटेल तुम्हाला तिथंच.

आपली,
एक शिक्षिका